मॉन्ट्रियलमध्ये तीन दिवस
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

प्रवासाची तयारी म्हटली की बहुतेकांच्या हाती प्रथम कागद-पेन्सिल येते आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी सुरू होते. लांबच्या यात्रेस अशी यादी उपयोगी पडते. कारण एक स्थळ राहिले तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करता येते. परंतु एकाच मोठ्या शहरी दोन-तीन दिवसांसाठी जावयाचे असेल, तर हीच यादी माणसाची वैरीण ठरते. तीन दिवसांत मोठे शहर पाहून होत नाही. त्याची ओळख मात्र होऊ शकते. आणि ओळख व्हावयाची तर यादीतील निम्म्याहून अधिक नावे निघण्यापूर्वीच खोडावी लागतात. कोणती खोडावी व कोणती ठेवावी, हे कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या उदाहरणाने आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

हे परदेशातील शहर मी का निवडले, असे आपण विचाराल. त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या बेळगावातील काय किंवा वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील काय, कित्येक मराठी घरांतील मुले-मुली आज कॅनडात, विशेषतः टोरोंटोच्या परिसरात, स्थायिक झाली आहेत. त्यांचे आईवडील चार-सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. पहिला महिना कौतुकात जातो. नायगारा पाहून होतो, देवळात जाऊन येणे होते, ओळखीच्यांकडे जेवणे होतात. पुढे मुले कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात, आणि आपण खिडकीशी बसून समोरच्या घराच्या अंगणातील गवत पाहत राहतो. कुठे जावयाचे तर कोणीतरी मोटारीने न्यावयास हवे. आयुष्यभर ज्याने संसाराचा गाडा ओढला, त्याला आता दूध आणावयासही सोबत लागते, ही गोष्ट बोलून दाखवली नाही तरी मनाला लागल्यावाचून राहत नाही.

आम्हां उभयतांची हीच स्थिती होती. तेव्हा एके दिवशी मी मॉन्ट्रियलला तीन दिवस जाऊन येण्याची गोष्ट काढली. “बाबा, तुम्ही दोघेच?” असे म्हणून कन्या माझ्याकडे पाहतच राहिली. तिला व जावईबापूंना रजा मिळणार होती ती नाताळात, आणि नाताळातील मॉन्ट्रियल म्हणजे काय हे मी ऐकून होतो. अखेर तिने होकार दिला. पण आमच्या हाती तासातासाचा हिशेब मांडलेला एक कागद ठेवला. त्या कागदावर तीन दिवसांची एकोणीस स्थळे होती.

आता तयारीचे बोलू. पहिला प्रश्न ऋतूचा. मॉन्ट्रियलमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १० अंश असते, आणि एका हिवाळ्यात एकूण सुमारे दोन मीटर बर्फ पडते. शहराच्या मध्यभागी इमारती व मेट्रोची स्थानके जोडणाऱ्या भुयारी वाटांचे सुमारे ३० किलोमीटर लांबीचे जाळे आहे, ते ह्या थंडीत फार कामी येते. परंतु पहिल्याच भेटीत शहर जमिनीखालून पाहण्यात अर्थ नाही. जूनअखेर आणि जुलै हे उत्सवांचे दिवस. १९८० पासून भरणारा तेथील जाझ संगीताचा महोत्सव जगप्रसिद्ध आहे. त्या दिवसांत गर्दी होते आणि खोल्या महागतात. आमच्यासारख्यांना सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. हवा थंड पण सोसवेल अशी असते आणि मेपल वृक्षांची पाने तांबडी-पिवळी होऊ लागतात.

दुसरा प्रश्न वाटेचा. टोरोंटोहून मॉन्ट्रियल सुमारे ५४० किलोमीटर आहे. आगगाडीने साधारण साडेपाच ते सहा तास लागतात आणि गाडी बराच वेळ ऑन्टारिओ सरोवराच्या बाजूने जाते. तिकीट जितके आधी काढावे तितके बहुधा स्वस्त पडते. कॅनडाचा व्हिसा असला की क्युबेक प्रांतात जावयास निराळा परवाना लागत नाही. तथापि पारपत्र, रोजची औषधे आणि आरोग्यविम्याचा कागद जवळ असावा. तेथील सरकारी आरोग्ययोजना पाहुण्यांना लागू नसते आणि दवाखान्याची पायरी महाग आहे.

तिसरा प्रश्न मुक्कामाचा. येथे माझा एकच नियम आहे. खोली लहान चालेल, पण मेट्रोचे स्थानक तेथून पाच मिनिटांच्या चालीवर हवे. मॉन्ट्रियलची मेट्रो १९६६ साली सुरू झाली. तिच्या गाड्यांना रबरी चाके आहेत आणि ती सर्वस्वी जमिनीखालून धावते. मार्ग चार, त्यांना रंगांची नावे. आणि कोणत्या दिशेची गाडी पकडावयाची ते त्या मार्गावरील शेवटच्या स्थानकाच्या नावावरून ठरते. ती शेवटची नावे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवली की चुकण्याचे भय उरत नाही. तीन दिवसांचे एकच तिकीट मिळते, ते घ्यावे. म्हणजे दर खेपेस सुट्या नाण्यांची चाचपणी करावी लागत नाही.

दिशांविषयी एक गंमत सांगितली पाहिजे. हे शहर सेंट लॉरेन्स नदीतील एका मोठ्या बेटावर वसले आहे. नदी येथे वळण घेऊन जवळजवळ उत्तरेकडे वाहते. परंतु ती पूर्वेकडे वाहते असे धरूनच शहरवासीयांनी आपल्या दिशा ठरविल्या आहेत. पहिल्या दिवशी सकाळी सूर्याकडे तोंड करून मी नकाशा उघडला आणि पूर्वेस जातो असे समजून थेट नदीवर जाऊन थडकलो. तेथील लोक जिला दक्षिण म्हणतात, त्या बाजूला बराच झुकून तेथे सूर्य उगवतो. सूर्यनारायणावर भरवसा ठेवून आयुष्य काढलेल्या माणसास हा धडा जरा कठीणच जातो.

आता शहर. मॉन्ट्रियलला जाण्यापूर्वी मी मनाशी एकच प्रश्न नेला होता: दोन भाषा एका शहरात कशा नांदतात? सीमाभागात राहणाऱ्या माणसाला पाटीवरील अक्षरांचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे लागत नाही. एकदा हा प्रश्न हाती आल्यावर कन्येच्या यादीतील स्थळे आपोआप गळू लागली. एकोणिसांची चार राहिली. दिवसाला सकाळचे एक स्थळ ठरलेले व दुपार मोकळी, असा आमचा क्रम ठरला. चौथे स्थळ मंडईचे, म्हणजे पोटापाण्याचेच असल्याने ते मोजण्याचे कारण नव्हते.

पहिला दिवस जुन्या शहराचा. १६४२ साली मेझोन्योव्ह नावाचा फ्रेंच सरदार आणि जान माँस नावाची धर्मनिष्ठ स्त्री ह्यांनी थोड्या माणसांसह येथे वसाहत केली आणि तिला मेरी मातेचे नाव दिले. जान माँसने येथील पहिले रुग्णालय उभारले. परंतु शहराची सहसंस्थापक म्हणून तिला अधिकृत मान्यता मिळावयास २०१२ साल उजाडले. जेथे वसाहत झाली त्याच जागेवर आज पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. तळघरात उतरले की जुन्या भिंतींचे पाये जागच्या जागी पाहावयास मिळतात. शहराची ओळख करून घ्यावयाची तर ती अशी पायापासून करावी.

तेथून थोड्याच अंतरावर नोत्र-दाम हे भव्य चर्च आहे. १८२४ साली त्याचे काम सुरू झाले. फ्रेंच कॅथलिकांच्या ह्या मंदिराचा वास्तुशिल्पी जेम्स ओडोनेल हा आयर्लंडमधून अमेरिकेत आलेला प्रॉटेस्टंट होता. काम करता करता तो तेथेच गुंतला, शेवटच्या आजारात त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्याच चर्चच्या तळघरात तो चिरनिद्रा घेत आहे. आतील रंगीत काचांच्या खिडक्यांवर केवळ बायबलातील प्रसंग नाहीत; ह्या शहराच्या आरंभीच्या दिवसांचा इतिहास तेथे रंगविलेला आहे. आत जावयास तिकीट पडते, पण त्या निळ्या-सोनेरी छताखाली अर्धा तास स्वस्थ बसले की पैसे फिटतात.

भाषेची गोष्ट समजावयास येथे थोडा इतिहास हवा. १७६० साली हे शहर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे व्यापार, बँका आणि कारखाने इंग्रजी बोलणाऱ्यांकडे राहिले आणि बहुसंख्य फ्रेंच प्रजा आपल्याच शहरात चाकरीची भाषा शिकू लागली. फ्रेंच बोलणाराला वरच्या जागा मिळणे कठीण असे. १९६० नंतर ह्या प्रांतात मोठे स्थित्यंतर झाले आणि १९७७ साली तेथील विधिमंडळाने फ्रेंच भाषेचा कायदा केला. दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्येच हव्यात, बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी साधारणतः फ्रेंच शाळांतच जावे, असे त्याने ठरविले. पाट्यांवरून न्यायालयात खटले झाले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती अवैध ठरविली, आणि १९९३ पासून इतर भाषेस जागा मिळाली. मात्र फ्रेंच अक्षर ठळकपणे वरचढ असले पाहिजे अशी अट राहिली. १९९५ साली प्रांताने कॅनडापासून वेगळे व्हावे की नाही ह्यावर जनमत घेतले गेले, तेव्हा वेगळे न होण्याच्या बाजूने ५०.५८ टक्के मते पडली. एवढ्या अरुंद साकवावरून हा देश पार झाला आहे. हे ठाऊक असले म्हणजे रस्त्यातील साधी पाटीही वाचण्याजोगी होते. वाहनांना थांबण्याची खूण प्रत्यक्ष फ्रान्समध्येही इंग्रजी शब्दाने करतात. येथे मात्र त्या तांबड्या अष्टकोनावर ‘आरे’ हा फ्रेंच शब्द असतो.

पहिल्याच संध्याकाळी ह्या इतिहासाची प्रचिती आली. पाव घेण्यासाठी आम्ही एका दुकानात शिरलो. मी नित्याप्रमाणे इंग्रजीत सुरुवात केली. विक्रेतीने उत्तर दिले, पण चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात माझी पत्नी पुढे झाली आणि रात्रभर घोकलेला ‘बोंझूर’ हा एक शब्द तिने मोठ्या धैर्याने उच्चारला. त्याबरोबर पलीकडून फ्रेंचचा असा काही ओघ सुरू झाला की आमची त्रेधा उडाली! “आम्हांला एवढेच येते,” असे पत्नीने इंग्रजीत कबूल करताच ती बाई मनमोकळी हसली आणि स्वच्छ इंग्रजीत बोलू लागली. एक पावही तिने अधिक घातला. भाषा आदल्या दिवशीही इंग्रजीच होती. फरक एका नमस्काराचा पडला. तेथील दुकानांतून ‘बोंझूर-हाय’ असा जोडनमस्कार रूढ आहे, आणि त्यातील ‘हाय’ गाळावे असा ठराव २०१७ साली प्रांताच्या विधिमंडळाने एकमताने केला होता, हे मला मागाहून कळले.

दुसरा दिवस डोंगराचा. शहराच्या मधोमध माँ-रोयाल नावाची टेकडी आहे आणि तिच्यावरूनच शहराचे नाव पडले. उंची जेमतेम २३३ मीटर. आमच्या सह्याद्रीसमोर ती लेकुरवाळी टेकाडेच म्हणावयाची. परंतु ह्या टेकडीच्या माथ्याहून उंच इमारत बांधू नये, असा शहराचा नियम आहे. न्यूयॉर्कचे मध्यवर्ती उद्यान ज्याने आखले त्या ओल्मस्टेडनेच येथील उद्यानाची आखणी केली आणि ते १८७६ साली खुले झाले. पायांना त्रास असेल त्यांनी माँ-रोयाल स्थानकाशी उतरून ११ क्रमांकाची बस धरावी.

माथ्यावर एक मोठा क्रूस आहे. १६४२ च्या डिसेंबरात नदीला पूर आला तेव्हा वसाहत वाचली तर खांद्यावरून क्रूस वाहून डोंगरावर नेईन, असा नवस मेझोन्योव्हने केला होता आणि पुढच्या जानेवारीत तो फेडला. आजचा रात्री उजळणारा क्रूस १९२४ सालचा. ज्या सज्जावरून शहर दिसते त्याला मात्र कोंदियारोंक ह्या मूळनिवासी पुढाऱ्याचे नाव आहे. १७०१ साली फ्रेंच आणि सुमारे ४० मूळनिवासी राष्ट्रे ह्यांच्यात मोठा तह ह्याच शहरी झाला. तो घडवून आणण्यासाठी कोंदियारोंक झटला आणि वाटाघाटी चालू असतानाच तापाने वारला. सज्जात उभे राहिले की समोर उंच इमारती, त्यापलीकडे रुंद नदी आणि तिच्यावरचे पूल दिसतात. दोन भाषांचा प्रश्न घेऊन मी आलो होतो. ह्या भूमीत त्या दोन्हींपूर्वीच्या भाषा होत्या व आजही आहेत, हे त्या नावाने मला तेथे सांगितले.

दुपारी टेकडी उतरून सें-लोरां नावाच्या लांब रस्त्याने चालावे. शहराचे पूर्व व पश्चिम असे भाग ह्या रस्त्याने होतात आणि आडव्या रस्त्यांवरील घरांचे क्रमांक येथूनच दोन्हीकडे सुरू होतात. पूर्वी पूर्वेस फ्रेंच आणि पश्चिमेस इंग्रज, असा स्थूल हिशेब होता. मधल्या ह्या पट्ट्यात ज्यू, पोर्तुगीज, ग्रीक, इटालियन असे नवागत येऊन राहिले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी बेगल नावाचे कडेपाव येथे रुजविले. मध घातलेल्या पाण्यात ते उकळतात आणि मग लाकडाच्या भट्टीत भाजतात. गरम बेगल तीळ लावलेला असेल तर दुसरे काही शोधूच नये. तळलेल्या बटाट्यांवर चीजचे तुकडे व दाट रस्सा घालून केलेला ‘पुतीन’ हा तेथील लाडका पदार्थ. परंतु तो रस्सा बहुधा मांसाचा असतो, तेव्हा विचारल्यावाचून खाऊ नये. आजूबाजूच्या आळ्यांत घरांना बाहेरून लोखंडी वळणदार जिने आहेत. बर्फात त्यांवरून उतरणाऱ्यांची मला काळजीच वाटली.

पैशांचा एक मुद्दा येथेच सांगून टाकतो. वस्तूवर लिहिलेल्या किमतीत कर धरलेला नसतो. उपाहारगृहातील बिलावर दोन्ही कर मिळून जवळजवळ १५ टक्के चढतात, आणि वाढप्याला साधारण तितकीच बक्षिशी देण्याची रीत आहे. म्हणजे २० डॉलरचे जेवण २६ डॉलरला पडते. हिशेब आधीच मनात धरला की शेवटी तोंड कडू होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी संत जोसेफच्या विशाल मंदिरात गेलो. ह्याचा प्रवर्तक ब्रदर आंद्रे हा जवळच्या विद्यालयात सुमारे चाळीस वर्षे द्वारपाळ होता. त्याच्या प्रार्थनेने दुखणी बरी होतात, अशी लोकांची श्रद्धा जडली. १९३७ साली तो वारला आणि २०१० साली त्याला संतपद मिळाले. मंदिराला २८३ पायऱ्या आहेत. त्यांतील ९९ लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढून जाणाऱ्या भाविकांसाठी राखून ठेवल्या आहेत. पायऱ्या न चढता वर जाण्याची सोय आहे आणि आम्ही तीच पत्करली. परंतु एक वृद्ध स्त्री त्या लाकडी पायऱ्यांवर एकेक प्रार्थना म्हणत वर सरकत होती, तिच्याकडे पाहून माझ्या पत्नीने नकळत हात जोडले. तेथे भाषा आड आली नाही.

मग झां-तालोंच्या मंडईत गेलो. १९३३ पासूनचा हा बाजार. भोपळे, सफरचंदे, मेपलचा पाक, फुले ह्यांनी भरलेले गाळे आणि ‘चाखून पाहा’ म्हणून पुढे केलेल्या फोडी! एका गाळ्यावर लेबनॉनहून आलेला एक प्रौढ गृहस्थ होता. शेजारणीशी तो फ्रेंच, आमच्याशी इंग्रजी आणि आपल्या मुलाशी अरबी बोलत होता. मुलगाही अरबीतच उत्तरे देत होता. “शाळेत फ्रेंच, रस्त्यावर दोन्ही, घरात आमची,” असे त्याने सांगितले, आणि सहज विचारले, “तुमच्याकडे कसे?”

मी काय सांगणार? माझी नात माझे मराठी पुरते समजते व इंग्रजीत उत्तर देते. आणि मीही तिच्या सोयीसाठी हळूहळू इंग्रजीकडे वळलो होतो, हे त्या गाळ्यापुढे उभे असताना मला प्रथमच जाणवले. कायदा नसताना, कोणी सक्ती केली नसताना, माझ्याच घरात मी माझी पाटी पुसत होतो. क्युबेकच्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर १९७८ पासून एक वाक्य असते. त्याचा अर्थ ‘मला आठवण आहे’ असा होतो. तीन दिवस ते डोळ्यांसमोरून जात होते. परतीच्या वाटेवर स्थानकाकडे जाताना मात्र मी दर मोटारीवर ते वाचू लागलो.

श्रोतेहो, यादीतील पंधरा स्थळे आमची राहिली. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनाचा गोल घुमट राहिला, १९७६ च्या ऑलिंपिकचे क्रीडांगण राहिले. त्याची खंत नाही. पुन्हा जाण्यास निमित्त हवेच. आपणांपैकी जे मुलांकडे जातील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, चार दिवस आपल्या पायांनी एखाद्या शहरी जाऊन या. ऋतू पाहून निघा, स्थानकाजवळ उतरा, दिवसाला एक स्थळ ठरवा, तेथील भाषेतला नमस्कार आधी शिकून घ्या, आणि आपल्या आयुष्याशी लागलेला एखादा प्रश्न बरोबर न्या.

आम्ही टोरोंटोला परतलो तेव्हा नात दाराशी उभी होती. प्रवास कसा झाला म्हणून तिने इंग्रजीत विचारले. मी मराठीत सांगावयास बसलो आणि सबंध सांगून होईपर्यंत मराठी सोडली नाही. मधेच एकदा तिने “मग आजी पडली का?” असे विचारले. वाक्य चार शब्दांचे होते, पण मराठी होते. आजी पडली नव्हती, हे मी तिला पुष्कळ विस्ताराने सांगितले.